पडलेला गिलावाही रंगवला

देहूकरांना नकलेचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. इंद्रायणीत तुकोबांची गाथा बुडवल्याची कथा इथं घरोघरी ठाऊक आहे आणि चाकणच्या संताजी जगनाडे महाराजांनी अभंग लिहून ठेवले, ही परंपराही. अजिंठ्याची चित्रंही अशीच नकलून घेतली गेली. ती उतरवली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी.

१८७२ ते १८८५ या काळात, मध्ये खंड पडला तरी, हिवाळा आला की जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन वाघूर नदीच्या घळीत मुक्कामाला जात. पेस्तनजी बोमनजी आणि जगन्नाथ अनंत ही त्यांतली दोन नावं. बाकीच्यांपैकी कितीजण नुसतेच ‘विद्यार्थी’ म्हणून उरले, याची हळहळ वाटते.

त्यांच्यासमोरची भिंत म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीची करामत. खडकावर माती, भाताचं तूस आणि तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग. लाल आणि पिवळा गेरूचा, हिरवा मातीचा, काळा काजळीचा. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, म्हणजे थेट अफगाणिस्तानातून आलेला! हे सगळं विद्यार्थ्यांनी तैलरंगांत कॅनव्हासवर उतरवलं. पहिल्या लेण्याच्या छतावरचा कमळांतून धावणारा हत्ती पाहायला आपण क्षणभर मान वर करतो. त्यांना ते छत चौकटीमागून चौकट करत, रेघ न रेघ टिपायचं होतं.

मला सर्वांत थक्क करते ती त्यांची सचोटी. गिलावा जिथं गळून पडला होता, तिथं त्यांनी मनानं चेहरा पुरा केला नाही. पडलेला तुकडा त्याच्या वेड्यावाकड्या कडेसकट रंगवला. राजपुत्राचा खांदा आहे, दंड आहे आणि पुढे हात असायचा तिथं मातकट डाग. हाताशी कसब असताना तो डाग तसाच ठेवायला केवढा संयम लागला असेल!

या उद्योगानं मूळ भिंतींना इजाही झाली. चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांच्यावर वॉर्निश चढवलं गेलं. ते पुढे पिवळं पडलं आणि १९२० नंतर निजाम सरकारला इटलीहून तज्ज्ञ बोलावून ते काढायची खटपट करावी लागली.

नकलांनाही आगीनं सोडलं नाही. याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या. १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनला आग लागली, तेव्हा तिथं पाठवलेले या विद्यार्थ्यांचेही अनेक कॅनव्हास गेले. तरी १८९६-९७ मध्ये या सामूहिक कामाचे दोन भव्य चित्रखंड लंडनला छापून निघाले.

वाचलेले कॅनव्हास आज तिथल्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. लेण्यांत आता जिथं नुसती माती दिसते, तिथं काही जागी तेव्हा रंग शाबूत होता, हे त्यांच्यावरून ताडून पाहता येतं. एकदा तरी ते सगळे मुंबईत, जे. जे.च्या आवारात मांडले जावेत आणि शक्य तिथं प्रत्येकाखाली रंगवणाऱ्याचं नाव असावं.