डोंगराचा पदर

आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर गिरिभ्रमण मंडळाची सूचना लागली, की तिच्या तळाशी एक ओळ हमखास असते : ‘वाट – मध्यम’. सोपी म्हटले तर धडधाकट मुले येत नाहीत, अवघड म्हटले तर घरची माणसे पाठवत नाहीत. तेव्हा ‘मध्यम’ हा शब्द सर्वांच्याच सोयीचा. गेल्या वर्षी पावसाळ्यात भीमाशंकरच्या सहलीची सूचना मीच लिहिली आणि हा शब्दही मीच लिहिला. त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता, हे मात्र त्या दिवशी संध्याकाळी कळले. तो अर्थ डोंगरातच शोधायचा असतो, एवढेच या लेखातून सांगायचे आहे.

प्रथम हा डोंगर झाला कसा ते पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथील जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हारस वाहू लागला. एक लोट थंड व्हावा, त्यावर दुसरा पसरावा, असे पुन:पुन्हा झाले. आज दख्खनचा हा काळा पाषाण सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. भूशास्त्रज्ञ त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द जिना किंवा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. लोहगडावरून असो वा माळशेज घाटातून, समोरच्या डोंगराकडे पाहिले की हे नाव किती नेमके आहे ते पटते. उभी भिंत, मग आडवा टप्पा, पुन्हा भिंत, पुन्हा टप्पा!

या पायऱ्या पडण्याचे कारण दगडातच आहे. लाव्हाच्या प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश निवतो, म्हणून तो घट्ट आणि टणक होतो. त्याचा कडा बनतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहतात. त्या पोकळ्यांत पुढे पांढरे, हिरवट स्फटिक भरतात. हा भाग ठिसूळ, म्हणून तो ऊनपावसाने लवकर झिजतो आणि तेथे सपाटी तयार होते. दोन लोटांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर तांबड्या मातकट दगडाचा पट्टाही सापडतो. वरून भेगांतून झिरपत आलेले पाणी या चिकण पट्ट्यावर अडते आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते.

भूशास्त्राचे पुस्तक न वाचताही डोंगरातल्या माणसांनी या सपाटीला एक सुंदर नाव दिले आहे – पदर. कमरेवर जसा पदर, तसा हा डोंगराच्या कमरेवरचा. वरून घसरून आलेली माती येथे साचते, झऱ्याचे पाणी येथे मिळते, म्हणून रान येथेच माजते. आंबा, जांभूळ, हिरडा, अंजनी, उतारावर कारवीचे दाट गचपण. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, पण तिची काठी कुडाच्या भिंतीला वर्षानुवर्षे उपयोगी पडते. वस्तीही पदराच्याच आधाराने राहिली आहे.

वाटांचे कोडे येथे सुटते. कोकणातून घाटमाथ्यावर जाणारी कोणतीही जुनी वाट पाहा. पदरावर ती आडवी, निवांत चालते. प्रश्न असतो तो फक्त एका पदरावरून दुसऱ्यावर चढण्याचा. मधली भिंत ओलांडायला तीनच उपाय : पुढे आलेली सोंड, दोन शिखरांमधली खिंड किंवा पाण्याने कापलेली नाळ. सोंडेची वाट लांब असते, पण तिचा चढ सावकाश. नाळेची वाट जवळची, पण दगडधोंड्यांची, आणि पावसात ती वाट उरतच नाही, ओढा होतो.

भीमाशंकरला या दोन्ही वाटा शेजारी शेजारी पाहायला मिळतात. कर्जतहून कशेळेमार्गे खांडसला यावे. गावाच्या पुढे पुलाशी दोन वाटा फुटतात. गणेश घाटाची वाट पदरगडाच्या बाजूने वळसा घेत चढते. तिच्यावर गणपतीचे लहानसे देऊळ आहे, म्हणून हे नाव. शिडी घाटाची वाट नाळेतून सरळ कड्याला भिडते आणि लोखंडी शिड्या व ओले कातळ पार करीत वर जाते. पदरवाडीपाशी दोन्ही एकत्र येतात. नावातच पदर आहे! तेथून दाट रानातून शेवटचा खडा चढ चढला की भीमाशंकर. एकूण चढ ८०० मीटरच्या आसपास. गणेश घाटाने पाच-सहा तास, शिडी घाटाने तीन-चार. माथ्यावरचे रान देवाचे म्हणून राखले गेले. १९८५ साली ते अभयारण्य झाले. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू येथे उंच झाडांवर काटक्यांची घरटी बांधून राहतो.

आता त्या दिवसाची गोष्ट. आम्ही बावीस जण गणेश घाटाने वर गेलो. सारे उत्तम झाले. परतताना उशीर झाला होता आणि खांडसहून एस. टी. गाठायची होती. पदरवाडीत एका अंगणात पाणी प्यायलो. मी म्हणालो, शिडीने उतरू, दोन तास वाचतील. तेथले म्हातारे बाबा म्हणाले, “शिडीनं चढा हवं तर. पन उतरायचं तर गनपतीनंच उतरावं, पोरांनो.” आम्ही हसलो आणि निघालो.

पहिल्याच ओल्या कातळावर आमच्यातली प्रथम वर्षाची एक मुलगी जागच्या जागी थिजली. चढताना पुढची खाच डोळ्यांसमोर असते. उतरताना पाय ठेवायची जागा दिसत नाही, दिसते ती खालची दरी. तिला ना खाली जाता येईना, ना वर. तिच्यामागचे दहा जण खोळंबले. पाऊस वाढला आणि नाळेतले पाणीही. दोघांनी हात धरून तिला वर घ्यायला पाऊण तास लागला. मग आम्ही मुकाट्याने पदरवाडीला परतलो. बाबांनी एका शब्दाने टोमणा मारला नाही. विजेरी घेतली आणि गणेश घाटाच्या वाटेला लागेपर्यंत पुढे चालले. एस. टी. अर्थातच गेली होती. खांडसला एका ओसरीवर रात्र काढली. ती मुलगी माझ्याशी काही बोलली नाही, आणि मला तेच अधिक लागले. ‘मध्यम’ हा शब्द मी माझ्या पायांवरून लिहिला होता, तिच्या नव्हे.

तेव्हापासून वाट ठरवताना आम्ही नुसते तास मोजत नाही. हरिश्चंद्रगडाचे उदाहरण घ्या. पाचनईकडून चढले तर दोन-तीन तासांची वाट नवख्यालाही झेपते. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांब आहे, खिंडीच्या वर कातळावर आधाराला कठडे आहेत. ही खरी मध्यम. कोकणातून येणारी नळीची वाट मात्र अनुभवी माणसांनीच करावी. गड एकच, वाटा तीन, आणि परीक्षाही तीन. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. पण बारी गावाकडून कड्यांवर शिड्या बसवल्यामुळे तेथे कुटुंबेही जातात. उंचीवरून काठिण्य ठरत नाही ते असे. नाणेघाट तर व्यापाऱ्यांच्या तांड्यांसाठी राबता ठेवलेला मार्ग. सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख असलेली तेथली गुहा पाहायची असेल तर वैशाखरेकडून दोन-तीन तासांचा चढ पुरतो.

ऋतूचेही तसेच. भाद्रपदात धबधब्याखाली भिजलेली वाट फाल्गुनात कोरडी ठणठणीत असते. हा दगड पाणी फार काळ धरून ठेवत नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणी पायथ्यापासूनच बरोबर न्यावे, आणि वरच्या झऱ्याची चौकशी शेवटच्या वाडीत करावी. मोबाईलवरच्या नकाशात दोन ठिकाणांमधले अंतर दिसते, ओला कातळ दिसत नाही. तो वाडीतल्या माणसाला ठाऊक असतो.

यंदाच्या सूचनेत आम्ही ‘मध्यम’ हा शब्द लिहिलेला नाही. त्याऐवजी लिहिले आहे : कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, किती वाजता परत फिरणार, आणि कोणाला भीती वाटते ते आधी सांगावे. नावे कमी येतील असे वाटले होते. पहिले नाव तिचेच आले.