हज यात्रेच्या बोटी लढाईवर

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. तरी हिंदी माणसांच्या मालकीच्या आगबोटींची गोष्ट सांगताना एक आडनाव याच मुलखातून घ्यावं लागतं, ते शिंद्यांचं. पारनेर तालुक्यात जामगावला महादजींचा वाडा आहे. श्रीगोंदा शिंद्यांकडेच होतं, आणि ऑगस्ट १८०३मध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला तोही शिंद्यांच्या शिबंदीकडून. याच घराण्यातले ग्वाल्हेरचे माधवराव महाराज पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. डिसेंबर १९१४मध्ये त्यांनी कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही १८९१पासून पॅसिफिकमध्ये धावणारी प्रवासी बोट विकत घेतली. हिंदी सैनिकांसाठी ती इस्पितळाची बोट झाली आणि तिचं नाव ‘लॉयल्टी’ पडलं.

युद्ध संपल्यावर बोट विक्रीला निघाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या मित्रांनी ती घेतली, कंपनी काढली आणि तिला महाराजांचं नाव दिलं: सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. भाषणांत ही सफर फार दिमाखाची वाटते. प्रत्यक्षात बोट जुनी होती, कोळसा अमाप खायची आणि परतीच्या फेरीला माल मिळता मिळत नव्हता. १९२३मध्ये ती मोडीत गेली. त्याच वर्षी इंग्रज कंपन्यांशी झालेल्या करारात सिंधियाला दहा वर्षांसाठी ७५ हजार टनांची मर्यादा मान्य करावी लागली, तीही फक्त किनारी वाहतुकीत.

ही कोंडी फोडायला वालचंदांनी १९३७च्या सुमारास हजची वाहतूक हाती घेतली. मुंबई ते जेद्दा हा मार्ग तोवर मोगल लाइनकडे होता आणि तिचा कारभार इंग्रज पेढीच्या हातात होता. सिंधियाने त्यासाठी दोन बोटी आणल्या, ‘एल मदिना’ आणि ‘एल हिंद’. ‘एल मदिना’ चार हजार टनांच्या आतबाहेर, ‘एल हिंद’ पाच हजारांवर. मग भाडेयुद्ध पेटलं. दोन्ही बाजूंनी दर खाली खेचले, आणि या मारामारीत फायदा झाला तो गरीब हाजींचा.

हजच्या बोटीची रचना पुढच्या गोष्टीसाठी समजून घ्यायला हवी. वर मोजक्या केबिनी आणि त्याखाली डेकचे मोकळे मजले. हंगामात तिथे पथाऱ्या टाकून शेकडो माणसं राहायची, हंगाम सरला की त्याच जागेत माल भरायचा. शेकडो जणांचं रांधण्याची सोय, संडास, पाण्याच्या टाक्या, हवा खेळवणारे मोठे भोंगे आणि गर्दीला पुरतील इतक्या जीवरक्षक होड्या, हे सगळं आधीपासून तयार. फौज हलवणाऱ्याला आणखी काय हवं असतं? हाजींच्या जागी पलटण बसवायची, एवढंच काम उरतं.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने तेच केलं. बोटी कंपनीच्या, हुकूम सरकारचा. इंजिनाजवळच्या आगवाल्यापासून सारंग, टंडेल, खलाशांपर्यंत राबणारे हात हिंदीच. जपान युद्धात उतरल्यावर सिंधियाच्या मालवाहू बोटींना पहिला तडाखा बसला: जानेवारी १९४२ या एका महिन्यात ‘जलराजन’, ‘जलतरंग’ आणि ‘जलपालक’ बुडाल्या.

‘एल हिंद’मध्ये मोठा बदल झाला. रॉयल इंडियन नेव्हीने तिला सैन्य किनाऱ्यावर उतरवणारी बोट केलं. अशा बोटीच्या दोन्ही कुशींना सपाट तळाच्या उतरण-होड्या टांगलेल्या असतात. किनारा काही मैलांवर आला की सैनिक भरून त्या पाण्यात सोडायच्या. होडी वाळूला टेकली की पुढचं झाकण पडतं आणि माणसं बाहेर धावतात.

‘एल मदिना’च्या वाट्याला साधं पण जास्त धोक्याचं काम आलं. १९४४च्या सुरुवातीला आराकानात लढाई जुंपली होती, आणि कलकत्त्याहून चितगावला फौज नेण्याचा जवळचा मार्ग बंगालच्या उपसागरातून जायचा. १६ मार्चला ती ताफ्यातून चालली असताना ‘आरओ १११’ या जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने तिचा वेध घेतला. ३८० माणसं गेली. सिंधियाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या हानींपैकी ही एक. तरी ‘लॉयल्टी’ची तारीख ज्यांना पाठ असते, त्यांना हिचं नावही सहसा ठाऊक नसतं, आणि हा न्याय काही बरा नाही.

‘एल मदिना’ बुडून महिनाही झाला नव्हता. नगरच्या किल्ल्यात ऑगस्ट १९४२पासून काँग्रेस कार्यकारिणी स्थानबद्ध होती. तिथे नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या आरंभी १३ एप्रिल १९४४ ही तारीख घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ ही बोट फुटली. तिच्या पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा होता, वर कापसाच्या गाठी. कापूस आणि स्फोटकं एकाच बोटीत ठेवायचा निर्णय कुणाच्या डोक्यातून निघाला, हे एक कोडंच! अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. सिंधियाची ‘जलपद्म’ उचलून धक्क्यावर आदळली. ‘एल हिंद’ पेटली आणि जळून गेली. शत्रूच्या किनाऱ्यावर फौज उतरवायला सजवलेली ही बोट मुंबईच्याच गोदीत, आपल्याच माणसांच्या हलगर्जीपणाने संपली.

सरकारने युद्धात बोटी वापरल्या, पण वालचंदांना बोटी बांधायला मदत केली नाही. विशाखापट्टणमच्या गोदीची कोनशिला २१ जून १९४१ला राजेंद्रप्रसादांनी बसवली. तिथली पहिली मोठी बोट ‘जलउषा’ पाण्यात उतरली ती १४ मार्च १९४८ला, स्वातंत्र्यानंतर. ती उतरवली नेहरूंनीच.

बुडालेल्या बोटींवरच्या खलाशांची नोंद मात्र इंग्रजांच्या स्मारकखात्याने ठेवली. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही, अशा हिंदी नौसैनिकांची आणि व्यापारी बोटींवरच्या खलाशांची ६ हजारांहून अधिक नावं एका सन्माननोंदीत आहेत. तिची एक प्रत चितगावला आणि दुसरी मुंबईला, मस्जिद बंदरच्या खलाशांच्या वसतिगृहात ठेवली गेली.