राहणाऱ्यांनीच आखलेले घर

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नव्हे. आयुष्यभराची शिल्लक घरात घालावी आणि राहावयास गेल्यावर कळावे की, पैसे मोजलेल्या कित्येक गोष्टींची आपणांस गरजच नव्हती! खोल्या किती, मोकळी जागा कोठे, हे सारे दुसऱ्याच कोणी आधी ठरविलेले असते. राहणाऱ्यांना अगोदर विचारले तर?

स्पेनमधील बार्सिलोना शहरात काही कुटुंबांनी हेच करून पाहिले. एका जुन्या कापडगिरणीच्या परिसरात नगरपालिकेची जमीन पंचाहत्तर वर्षांच्या कराराने घेऊन त्यांच्या ‘ला बोर्दा’ या सहकारी संस्थेने २८ घरांची इमारत उभारली. ती २०१८ साली पूर्ण झाली.

‘लाकोल’ या वास्तुशिल्पींच्या सहकारी मंडळाने सभासदांना बरोबर घेऊन आराखडा केला. प्रत्येक घरी कपडे धुण्याचे यंत्र कशाला? वर्षातून चार दिवस येणाऱ्या पाहुण्यासाठी निराळी खोली कशाला? म्हणून धुलाईघर, पाहुण्यांच्या खोल्या आणि एक मोठे स्वयंपाकघर सामाईक ठेवले. तळघरातील मोटारतळ खर्चाचा; नगरपालिकेच्या नियमात बदल झाल्याने तोही वगळता आला. घरे ४०, ६० व ७५ चौरस मीटरची. आतील काही काम ज्याने त्याने मागाहून, सवडीने पुरे करावयाचे. मधल्या चौकावरील पारदर्शक छप्पर हिवाळ्यात उन्हाची ऊब धरून ठेवते, त्यामुळे इंधनही कमी लागते.

येथे कोणी घरमालक नाही. सभासद प्रवेशाच्या वेळी अनामत रक्कम भरतो, दरमहा ठराविक शुल्क देतो आणि सोडून जाताना अनामत परत घेतो. घर विकता येत नाही, त्यामुळे किंमत चढवून नफा काढण्यास वाव उरत नाही.

अर्थात सामाईक सोय फुकट मिळत नाही. तिच्यासाठी पाळी सांभाळावी लागते, बैठकांना वेळ द्यावा लागतो, शेजाऱ्याचे ऐकून घ्यावे लागते. ज्यांना हे रुचत नाही त्यांना असे घर स्वस्त पडूनही जड जाईल.

तथापि, उद्या आपली गृहनिर्माण संस्था आराखडा समोर ठेवील तेव्हा केवळ सही करून उठू नका. घरी तो सर्वांना दाखवा. दिवसाचा अधिक वेळ घरात घालविणाऱ्या स्त्रिया, वृद्ध आणि मुले यांचे मत आधी घ्या. कोणती गोष्ट स्वतःची हवी आणि कोणती चौघांत चालेल, हे बोलून ठरवा. कागदावरची रेघ पुसावयास काही पडत नाही; उभी भिंत पाडावयास मात्र पुष्कळ पडते.