ल्युकेमियाच्या उपचारात मुलाचं पाऊल का लटकतं?

बारामती-इंदापूरकडच्या मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला, की उपचारांसाठी सहसा पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. दोन इंजेक्शनांच्या मधले दिवस मात्र बरेचदा घरीच जातात. अशाच एखाद्या दिवशी लक्षात येतं, की पोराच्या पायातली चप्पल निसटतेय, जिना चढताना ते अडखळतंय. आजाराचा अशक्तपणा असेल, असं घरच्यांना वाटतं. पण कारण अनेकदा औषधात असतं. त्याचं नाव व्हिन्क्रिस्टिन.

हे औषध काय करतं?

अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं हे औषध १९६३पासून वापरात आहे. पेशी दुभंगताना तिच्यात सूक्ष्म नळ्या तयार होतात. व्हिन्क्रिस्टिन त्या बनू देत नाही, म्हणून कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबते. अडचण अशी, की मज्जातंतूंमध्येही अशाच नळ्या असतात. त्यांच्या आधाराने पोषक द्रव्यं तंतूच्या टोकापर्यंत पोहोचतात. नीरा डाव्या कालव्याला पाणी कमी पडलं, की झळ आधी टेलच्या शेतकऱ्याला बसते. तसंच इथे होतं. सर्वांत लांब तंतू पावलांपर्यंत जातात, म्हणून त्रास तिथे आधी दिसतो.

कशाकडे लक्ष द्यायचं?

- पाऊल वर न उचलणं, टाचेवर चालता न येणं
- हातापायांना मुंग्या, रात्री पाय दुखणं
- शर्टाची बटणं लावायला त्रास
- जबडा दुखणं, पापणी खाली येणं
- शौचास न होणं, पोट फुगणं

एक मोठा धोका

नायट्यासाठी सर्रास दिली जाणारी इट्राकोनॅझोलची गोळी व्हिन्क्रिस्टिनला शरीरात लवकर निकामी होऊ देत नाही. त्यामुळे त्रास एकदम वाढू शकतो. म्हणून गावातल्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला उपचारांची फाइल दाखवल्याशिवाय कुठलंही औषध घेऊ नका. सदाफुलीची पानं खाऊ घालणं हाही उपाय नव्हे. ती विषारी असतात.

मग इंजेक्शन बंद करायचं का?

स्वतःहून मुळीच नाही. याच औषधांच्या जोरावर मूल बरं होण्याची आशा असते. त्रास वेळेवर कळवला, तर कर्करोगतज्ज्ञ डोस कमी करतात किंवा पुढे ढकलतात, फिजिओथेरपी आणि पायाला आधार देणारी पट्टी सुचवतात. बहुतेक मुलांमध्ये उपचार संपल्यावर काही महिन्यांत ताकद बरीचशी परत येते. मात्र अचानक झटका आला, बोलणं अडखळलं किंवा एक बाजू लुळी पडली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच क्षणी जवळचं मोठं रुग्णालय गाठा.