गढूळ बाटलीतला विषाणू

प्रयोगशाळेत बाटलीतलं द्रव गढूळ दिसलं, की जिवाणू शिरले असं समजून ते बहुधा फेकून देतात. लंडनमध्ये १९६३ सालच्या डिसेंबरात मात्र एका शास्त्रज्ञानं तसं केलं नाही. बरं झालं!

त्याचं काय झालं, आफ्रिकेतल्या युगांडात डेनिस बर्किट या डॉक्टरांना मुलांच्या जबड्यात भराभर वाढणाऱ्या गाठी दिसत. हा होता लिम्फोमा, एक कर्करोग. यात रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच बिघडतात आणि बेसुमार वाढत सुटतात. यामागे एखादा विषाणू तर नसेल? लंडनच्या अँथनी एपस्टाइन यांना शंका आली. गाठींचे तुकडे विमानानं येऊ लागले, पण विषाणू काही सापडेना.

एकदा धुक्यामुळे विमान लंडनऐवजी मँचेस्टरला उतरलं. तुकडा उशिरा पोचला, तोही गढूळ द्रवात! एपस्टाइन यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जिवाणू कुठले? प्रवासात हिंदकळून गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी तरंगत होत्या! मग त्यांनी आणि इव्हॉन बार यांनी पेशी तशाच तरंगत्या वाढवल्या. एकीच्या दोन, दोनाच्या चार... आपल्या साध्या पेशी सुमारे पन्नास वेळा दुभंगून थांबतात. या थांबेचनात! न थांबता वाढणाऱ्या अशा पेशींच्या वंशाला ‘सेल लाइन’ म्हणतात.

१९६४ मध्ये बर्ट अचाँग यांच्यासह त्यांनी याच पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि विषाणू दिसला! माणसाच्या कर्करोगाशी नातं असलेला हा पहिला विषाणू. नाव पडलं एपस्टाइन-बार. पुढे १९८० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या गटाला त्वचेच्या लिम्फोमाच्या सेल लाइनमध्ये आणखी एक विषाणू सापडला, एचटीएलव्ही-१.

सेल लाइनच्या पेशींचे लाड किती! ऊब आपल्या अंगाइतकी, ३७ अंश सेल्सियस. खायला साखर, क्षार आणि अमिनो आम्लं असलेलं लालसर द्रव. ते पिवळं पडलं, की समजायचं द्रव बदलायची वेळ झाली. साठवायच्या तर द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांच्या थंडीत! गरज पडली, की ऊब देऊन पुन्हा वाढवायच्या आणि नवी औषधं आधी त्यांच्यावर तपासायची. आपल्या पुण्यातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रही सेल लाइन जपतं आणि देशभरातल्या संशोधकांना पुरवतं.

अशा अनेक लाइन कुणा आजारी माणसापासून सुरू झालेल्या असतात. पुढे तुम्ही शास्त्रज्ञ झालात, तर त्या माणसांचे ऋण विसरू नका!