दवाखान्यातील माहिती फुटली, तर बाजारातील पत कशी राखावी?

विट्याचा बाजार विश्वासावर चालतो. सूत उधारीवर येते, कापड उधारीवर जाते. गलाईच्या दुकानात तर गिऱ्हाईक आपले सोने कारागिराच्या हाती सोपवून निर्धास्त राहते. अशा धंद्यात माणसाची पत हेच खरे भांडवल. मालकाला मोठा आजार झाला आहे, ही गोष्ट नको त्या कानी गेली की सुताचा व्यापारी हात आखडता घेतो आणि देणेकरी हप्ते लांबवू लागतो. मागावरच्या कामगाराला क्षय असल्याचे कळले तर तो बरा झाल्यावरही त्याला काम मिळताना अडचण येते. घरात लग्नाची मुलगी असेल, तर वडिलांच्या आजाराची चर्चा तिच्या सोयरिकीपर्यंत जाते. म्हणूनच दवाखान्यातील माहितीचा प्रश्न हा केवळ डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला नाही. तो आमच्या मते व्यापाऱ्याचाही प्रश्न आहे.

पूर्वी ही माहिती एका जाड वहीत असे आणि वही कपाटात कुलपात असे. आता रक्ताचा अहवाल मोबाईलवर येतो, क्ष-किरणांचे चित्र मिरजेच्या दवाखान्यातून क्षणात मुंबईला जाते, आणि विम्याच्या कागदांसोबत आधार, बँक खाते व मोबाईल क्रमांकही जातो. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण कुलूप उघडे राहिले तर वहीतून एक पान जाई, संगणकातून संपूर्ण कपाट जाते.

घडलेल्या घटना

डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतील एका प्रयोगशाळेचे हजारो तपासणी अहवाल इंटरनेटवर कोणालाही दिसतील असे उघडे असल्याचे आढळले. त्यात एचआयव्ही तपासणीचे अहवालही होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीचा अहवाल प्रसिद्ध झाला. सीटी स्कॅन, एमआरआय, क्ष-किरण यांची चित्रे ज्या संगणकांवर साठवली जातात, त्यांपैकी अनेकांना साधा पासवर्डही नव्हता. भारतातील राज्यांत या यादीत महाराष्ट्र पहिला होता. आपल्या राज्यातील ३ लाखांहून अधिक तपासण्या आणि त्यांची सुमारे ७ कोटी चित्रे उघडी होती, रुग्णाच्या नावासह.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील संगणक हल्लेखोरांनी बंद पाडले. सुमारे दोन आठवडे तेथील बरेचसे काम हाताने कागदावर करावे लागले. २०२४ मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांची कागदपत्रे टेलिग्रामवर मागेल त्याला मिळू लागली. ३ कोटींहून अधिक ग्राहकांची माहिती आपल्याकडे असल्याचा दावा हॅकरने केला होता.

नुकसान कोणत्या वाटेने येते?

पहिली वाट बदनामीची. तिचा विचार वर केलाच आहे. दुसरी वाट फसवणुकीची. तुमचे नाव, आजार, डॉक्टर आणि विम्याचा क्रमांक ज्याच्या हाती आहे, तो ठग फोनवर अगदी दवाखान्याच्या माणसासारखा बोलतो. "तुमच्या ऑपरेशनचा क्लेम मंजूर झाला आहे, ओटीपी सांगा," म्हणतो. एरवी शहाणा असलेला व्यापारीही येथे फसतो, कारण समोरच्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी असते. फक्त तो माणूस खोटा असतो.

तिसरी वाट आपल्या नावावर दुसऱ्याने उपचार दाखवण्याची. योजनेच्या कार्डावर खोटा क्लेम झाला, तर कुटुंबाच्या वाट्याची रक्कम संपते आणि खरी गरज पडते तेव्हा हात रिकामे राहतात. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आयुष्मान योजनेचे सुमारे ७ लाख ५० हजार लाभार्थी एकाच मोबाईल क्रमांकाशी जोडलेले आढळले होते. कार्डावर आपलाच क्रमांक आहे की नाही, हे प्रत्येकाने पाहून घ्यावे. आयुष्मानसाठी १४५५५ आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी १५५३८८ या क्रमांकांवर विचारणा करता येते.

रुग्णाचे हक्क

आपली माहिती गुप्त राहणे हा उपकार नव्हे, हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाचे गुपित राखणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे ३ वर्षे जपून ठेवावी लागतात आणि मागणी केल्यावर ७२ तासांत प्रत द्यावी लागते. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. संमतीवाचून ही माहिती उघड करण्यास तो मनाई करतो. न्यायालयाचा आदेश व कायद्याने सांगितलेले काही प्रसंग तेवढे अपवाद आहेत. महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असे २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांत सांगितले आहे. दवाखान्यात गेल्यावर ती वाचावी. लावलेली नसेल तर विचारावे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. माहिती फुटली तर संस्थेने बाधित व्यक्तीला विलंब न लावता साध्या भाषेत कळवावे आणि सविस्तर अहवाल ७२ तासांत मंडळाला द्यावा, असे त्यात आहे. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपली कोणती माहिती ठेवली आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा व गरज संपल्यावर पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्कही मिळतो. मात्र यातील मुख्य तरतुदी नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हा दंड सरकारी तिजोरीत जातो, रुग्णाला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. नुकसानभरपाई हवी असेल तर वाट ग्राहक आयोगाची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला उघड करणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पैसे देऊन उपचार घेतलेला रुग्ण ग्राहक ठरतो. तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते, आणि त्यासाठी दवाखान्याची पावती हाच पहिला पुरावा. हिशेबाच्या वहीइतकीच ती जपा.

माहिती फुटल्याचे कळताच काय करावे?

१. दवाखाना, प्रयोगशाळा किंवा विमा कंपनी यांना लेखी पत्र द्या. माझी कोणती माहिती गेली, कधी गेली, तुम्ही काय उपाय केला, हे तीन प्रश्न विचारा. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या.

२. त्या कागदांसोबत आधार दिले असेल तर प्राधिकरणाच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर बोटांच्या ठशांना कुलूप लावा. म्हणजे अंगठ्यावर पैसे काढणाऱ्या ठगाचा मार्ग बंद होतो. मात्र रेशन दुकानात अंगठा देण्यापूर्वी ते तात्पुरते उघडावे लागते, हे लक्षात ठेवा. पुढे कोठेही प्रत देताना शेवटचे चारच आकडे दिसणारे, झाकलेले आधार द्या.

३. संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते पाहा. अनोळखी क्रमांक तेथेच कळवता येतो. वर्षातून एकदा मोफत मिळणारा पतअहवाल मागवा. आपल्या नावावर कोणी कर्ज उचलले असेल तर तेथे दिसते.

४. पैसे गेलेच, तर वेळ दवडू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार, चूक बँकेची नाही व ग्राहकाचीही नाही अशा प्रकारात बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर बोजा पडत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले.

५. आपले गलाई कारागीर देशाच्या कानाकोपऱ्यात दुकाने चालवतात आणि घरचे लोक विट्यात असतात. गुन्हा आमच्या हद्दीतला नाही, असे सांगून कोणी परत पाठवले तर खचू नका. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते.

आपल्या गल्ल्यातही हीच अमानत आहे

आपण केवळ रुग्ण नाही. आपल्यातील कोणी औषधांचे दुकान चालवतो, कोणी प्रयोगशाळा, कोणी चष्म्याचे. कोणी झेरॉक्स काढून देतो, कोणी मोबाईल दुरुस्त करतो. गिऱ्हाइकाची चिठ्ठी, अहवाल, फोटो आपल्या हातून जातात. झेरॉक्ससाठी पाठवलेला अहवाल काम होताच पुसून टाकावा. औषधाची चिठ्ठी चारचौघांत मोठ्याने वाचू नये. रिपोर्ट मोबाईलवर पाठवताना क्रमांक दोनदा तपासावा. संगणकाला पासवर्ड असावा आणि तो भिंतीवर लिहिलेला नसावा. कामगारांचा विमा उतरवणाऱ्या माग मालकांनी त्यांचे तपासणीचे कागद मुनीमाच्या टेबलावर पडू देऊ नयेत. या कामांना भांडवल लागत नाही, सवय लागते.

आम्ही सुचवतो की यंत्रमाग, सराफी आणि औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी मिळून वर्षातून एक दिवस यासाठी द्यावा. शिकलेल्या मुलांनी वडीलधाऱ्यांच्या मोबाईलवर आधारचे कुलूप लावून द्यावे, योजनेच्या कार्डावरील क्रमांक तपासावा आणि १९३० हा आकडा प्रत्येक दुकानात लिहून लावावा. सोन्याची कस लावण्यात आणि सुताचा धागा ओळखण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही. माहितीही तितक्याच बारकाईने तोलून द्यावी, आणि दुसऱ्याची आपल्याकडे आली तर तितक्याच काळजीने राखावी.