सांचीच्या पुढेही चला

भोपाळला गेलेली मंडळी सांचीचा स्तूप पाहतात, तोरणासमोर फोटो काढतात आणि दुपारीच परततात. खरे तर तिथून विदिशा अवघ्या दहा किलोमीटरवर आहे.

विदिशेजवळ बेसनगरला एक दगडी स्तंभ आहे. गावकरी त्याला ‘खाम बाबा’ म्हणतात. भाविक त्याला इतका शेंदूर फासत की १८७७ मध्ये कनिंगहॅमसारख्या जाणकारालाही त्यावरचा लेख दिसला नाही. १९०९ मध्ये थर काढले, तेव्हा खालून ब्राह्मी अक्षरे निघाली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तक्षशिलेहून आलेल्या हेलिओडोरस या ग्रीक राजदूताने वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला होता. लेखात तो स्वतःला ‘भागवत’ म्हणवतो. ग्रीक वकील, आणि भागवत!

शेंदराने लेख झाकला, पण पुसला तरी नाही. सांचीला मात्र १८२२ मध्ये हौशी साहेबांनी स्तूपच खणला आणि पश्चिमेचे तोरण कोसळले. १९१२ ते १९१९ दरम्यान जॉन मार्शल यांनी दुरुस्ती केली, म्हणून आजचे रूप दिसते.

विदिशेहून जवळच उदयगिरीची गुप्तकालीन लेणी आहेत. तिथला पृथ्वीला उचलणारा भव्य वराह चुकवू नका.

दुसरा दिवस भोपाळच्या दक्षिणेला भीमबेटकासाठी ठेवावा. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये हे चित्रित शैलाश्रय उजेडात आणले. चित्रे हाताच्या अंतरावर आहेत. मुलांना त्यांना हात लावू देऊ नका.